सूक्ष्म व नॅनो पातळीवरील द्रववर्तन आणि मराठवाड्याची काळी जमीन

प्रस्तावना :
सिरसाळा (ता. परळी, जि. बीड) परिसरातील शेतकऱ्यास पावसाच्या दीर्घ खंडात एक विसंगती जाणवते. ढेकूळ फोडले असता आतील माती ओलसर लागते. परंतु त्याच शेतातील कपाशी माना टाकते. ओल असूनही पीक का सुकते, याचे उत्तर सूक्ष्म पातळीवरील द्रवाच्या वर्तनात आहे. प्रस्तुत लेखात ते उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

आकारमान व बलांचे महत्त्व :
ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये नळीतील प्रवाहाचा अभ्यास करून जडत्व व श्यानता (द्रवाचा चिकटपणा) यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असल्याचे दाखविले. नळीतील हा अंक सुमारे २००० च्या पुढे गेल्यास प्रवाह खळाळू लागतो. मात्र ०.१ मिलिमीटर रुंदीच्या मार्गातून सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यासाठी तो केवळ ०.१ असतो. येथे जडत्व गौण ठरते. श्यानता व पृष्ठताण यांचे राज्य सुरू होते. समान दाबाखाली नळीचा व्यास निम्मा केल्यास प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच चिकणमातीत पाणी अतिशय मंद गतीने सरकते.

केशाकर्षण व पिकाची मर्यादा :
छिद्र जितके बारीक, तितके पाणी अधिक घट्ट धरले जाते. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या केशनलिकेत पाणी सुमारे दीड मीटर वर चढू शकते. पिकांची मुळे साधारणतः १५ बार इतक्या ओढीपर्यंत पाणी शोषतात. सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा लहान छिद्रांतील पाणी या मर्यादेपलीकडे असते. काळ्या मातीत अशी छिद्रे विपुल असल्याने पाणी हाताला जाणवते, पण मुळांना मिळत नाही.

नॅनो पातळी :
या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे असतात. थरांमध्ये पाण्याचे रेणू शिरले की माती फुगते; ते निघून गेले की ती आकसते व जमिनीस भेगा पडतात. या भेगांतून खोलवरची ओलही उडून जाते.

संशोधन व उपयोग :
सूक्ष्म मार्गांतील प्रवाहाचे हेच नियम उद्योगातही वापरले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अमोल कुलकर्णी यांना अभियांत्रिकी विज्ञानासाठी २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. सूक्ष्म अभिक्रियापात्रे हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. शेतीच्या अंगाने, १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीवर संशोधन करीत आले आहे. सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पुरस्कारही त्याने केला आहे.

समारोप :
'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे आपले शेतकरी म्हणतात. कोळप्याने भेगा बुजतात व वरच्या थरातील केशनलिकांची सलगता तुटते. त्यामुळे खालची ओल पृष्ठभागापर्यंत चढत नाही. अनुभवातून आलेल्या या म्हणीस द्रवविज्ञानाचा आधार आहे. तात्पर्य, ढेकळातील ओलीवर विसंबून संरक्षित पाणी देण्यास विलंब करू नये. पाण्याची निकड पिकाच्या अवस्थेवरून ठरवावी. हा विचार वर्गाबाहेर, बांधापर्यंत पोहोचविणे हे ग्रामीण महाविद्यालयांचे कर्तव्य आहे.