२९ फेब्रुवारी, हवी तेव्हा

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची 'ॲझ्युर' ही संगणकसेवा अनेक तास विस्कळीत झाली. एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र तयार करताना प्रोग्रॅमने सालात नुसता १ मिळवला. उत्तर आले २९ फेब्रुवारी २०१३. अशी तारीखच नाही! प्रमाणपत्र बनेना आणि त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे अडले.

असा दोष आधी कसा सापडावा? खऱ्या घड्याळावर विसंबलो, तर चार वर्षे थांबावे लागेल.

समजा, वाचनालयाचे सभासदत्व देणारी वेबसेवा आपण लिहिली. 'रेस्ट' पद्धतीत (हे नाव रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या प्रबंधातले) प्रत्येक सभासदाच्या नोंदीला स्वतःचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर विचारणा आली, की 'मेथड' म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा उत्तर देतो. सोबत एक आकडाही येतो : २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे सापडले नाही, ४०० म्हणजे विचारणाच चुकीची.

या एकाच तुकड्याची वेगळी काढून घेतलेली परीक्षा म्हणजे युनिट टेस्ट. विद्युत परिपथातला दिवा लागला नाही, तर आपण तो काढून दुसऱ्या, खात्रीच्या सेलला जोडून पाहतो ना? तसेच हे. नेटवर्क नको, खरी नोंदवही नको. दोनच सभासदांची खोटी नोंदवही पुरे. आणि घड्याळही खोटे! मात्र त्यासाठी मेथडने 'आज'ची तारीख स्वतः संगणकाला न विचारता आपण दिलेल्या घड्याळाला विचारावी, ही सोय लिहितानाच करावी लागते. जावा भाषेत अशा चाचण्यांसाठी केंट बेक व एरिक गॅमा यांनी तयार केलेले 'जेयुनिट' हे साधन प्रसिद्ध आहे.

आता घड्याळ २९ फेब्रुवारी २०२४ वर लावू. वर्षाचे सभासदत्व कधी संपावे? २८ फेब्रुवारीला की १ मार्चला? हे संगणक ठरवणार नाही. तो वाचनालयाच्या नियमाचा प्रश्न आहे. अपेक्षित उत्तर आधी लिहावे लागते, म्हणून तो चाचणी लिहितानाच पुढे येतो. आमच्या मते चाचणीचा सर्वांत मोठा फायदा हाच.

नसलेल्या सभासदाची विचारणा (४०४) आणि '३० फेब्रुवारी' ही तारीख (४००) यांच्याही चाचण्या हव्यात. पुष्कळ जण सरळ उत्तराचीच चाचणी लिहून थांबतात. अर्थात, नेटवर्क नीट चालते की नाही, हे यातून कळत नाही. त्याची परीक्षा वेगळी.

आणखी एक चाचणी विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्या. २९ फेब्रुवारी २०९६ रोजी कोणी चार वर्षांचे सभासदत्व घेतले. ते कधी संपेल? बहुतेक जण चटकन '२९ फेब्रुवारी २१००' म्हणतील. पण २१०० हे लीप वर्ष नाही.