बालविभागातून बाहेर : मराठी वाचक आणि चित्रकादंबरी

गेल्या वर्षी आमच्या पिंपळे गुरवजवळच्या एका वाचनालयात मी 'भीमायन' मागितले. ग्रंथपालांनी संगणकात पाहिले आणि बोट दाखवले ते बालविभागाकडे. इसापनीतीच्या शेजारी, रंगवायच्या वह्यांच्या खाली ते पुस्तक होते. मी उभ्यानेच चाळले. वडिलांना भेटायला निघालेली आणि मसूर स्टेशनात ताटकळलेली मुले, परदेशात शिकून आलेला पण बडोद्यात राहायला जागा न मिळणारा तरुण, महाडचे चवदार तळे. याला बालवाङ्मय कोण म्हणेल? पण दोष ग्रंथपालांचा नव्हता. पुस्तकात चित्रे होती, माणसांच्या तोंडून संवादाचे फुगे निघत होते. आपल्याकडे एवढ्यावरून वाचकाचे वय ठरते.

हा समज माझाही होता. १९८५ साली बार्शीकडून इथे आलो तेव्हा पिंपळे गुरवमध्ये एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. सायकलने कासारवाडीमार्गे भोसरीच्या एमआयडीसीत जायचे, हा रोजचा रस्ता. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३६ वर्षे काढली. २००६ साली मुलगा दहावीत गेला, तेव्हा त्याचे वेताळ, नागराज आणि 'टिंकल'चे अंक मी किलोवर रद्दीत घातले. चित्रे पाहणे म्हणजे वाचन नव्हे, असे त्याला ठणकावून सांगितले. त्याच वेळी मी स्वतः दिवसाचे आठ तास चित्रेच वाचत होतो, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

कारखान्यातले ड्रॉइंग ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. कागदावर एका भागाचा फ्रंट व्ह्यू असतो, टॉप व्ह्यू असतो, साइड व्ह्यू असतो. पण तो भाग स्वतः कागदावर कुठेच नसतो. तीन सपाट आकृत्यांच्या मधली जागा वाचणाऱ्याने डोक्यात भरायची आणि मग लोखंडाला हात लावायचा. भरताना चूक झाली तर माल भंगारात जातो. चित्रकथेतही हेच घडते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस. फटका कुठेच काढलेला नसतो, तो आपण मारतो. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात, जे स्वतःही चित्रकथेच्याच रूपात आहे, चौकटींमधल्या या मोकळ्या पट्टीवर सगळा भर दिला आहे. ते वाचताना मला माझा ड्रॉइंग बोर्ड आठवला.

'ग्राफिक नॉव्हेल' हा शब्द रूढ झाला तो विल आयस्नर यांच्या १९७८ च्या 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड'मुळे. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. त्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरे, पण विषय आहे छळछावणीतून वाचलेला बाप आणि त्याच्याशी न जमणारा मुलगा. २०२५ चे आत्मचरित्राचे पुलित्झर टेसा हल्स यांच्या 'फीडिंग गोस्ट्स'ला मिळाले. आजी, आई आणि लेक अशा तीन पिढ्यांची ती चीनपासून अमेरिकेपर्यंतची चित्रकथा आहे. म्हणजे जगात हा प्रकार केव्हाच मोठ्यांच्या कपाटात गेला आहे.

आपल्याला तरी तो परका कुठे आहे? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांची पोथी समोर धरून एकेक पान बदलत रामायण-महाभारत सांगत आले. त्या चित्रकथी परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि त्यांच्या मराठी आवृत्त्यांतून वेताळ आपल्या घरात आला. १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा आली. त्या काळातले चित्रकार पाहा. अमर चित्र कथेची कित्येक पुस्तके आणि पुढे नागराजचे सुरुवातीचे अंक काढणारे प्रताप मुळीक, सुपांडीला चेहरा देणारे राम वाईरकर, शिकारी शंभूचे वसंत हळबे. हात मराठी होते, पण मूळ मजकूर बहुतेक वेळा इंग्रजी नाही तर हिंदी असे. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा 'चिंटू' १९९१ पासून वर्तमानपत्रात रोज भेटू लागला, पण ती तीन-चार चौकटींची गंमत. मोठ्या माणसाचे मोठे दुःख दोनशे पानांत चित्रांनी सांगावे, ही वाट मात्र आपल्याकडे रुळली नाही.

विषय तर आपलेच निघाले. २०११ साली नवयान प्रकाशनाने दोन इंग्रजी पुस्तके काढली. पहिले 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', लेखन श्रीविद्या नटराजन, चित्रे अपर्णिता नव्हे, अपराजिता निनन यांची. हे नाव दुकानात मागताना माझीच गफलत झाली होती. महात्मा फुले यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर ते आधारले आहे. मूळ ग्रंथ जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे आणि तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलेला आहे. काळ्या-पांढऱ्या ठसठशीत चित्रांत हा संवाद आजच्या दोन बायकांच्या बोलण्यात मिसळतो. लेखिका आणि चित्रकार स्वतःच पात्रे होऊन पानावर येतात. जोतीरावांचा उपरोध आपण शाळेत आदराच्या आवाजात वाचतो आणि त्यातले हसू हरवते. चित्रात ते परत सापडते.

दुसरे 'भीमायन'. मजकूर नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलावंत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. माणसांना चौकोनात कोंडायला या दोघांनी नकार दिला. त्यामुळे इथे चौकटीच नाहीत, भिंतीवर काढायच्या दिग्ना नक्षीच्या वळणदार रेघा पान विभागतात. फुगेही साधे नाहीत. मायेने बोललेले शब्द पाखराच्या आकाराच्या फुग्यात असतात, तर विषारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मी पहिल्यांदा नुसता मजकूर वाचत गेलो आणि वीस मिनिटांत पुस्तक संपवले. मग पुन्हा मागे जाऊन फक्त नांग्या मोजत गेलो. किती साध्या, रोजच्या वाक्यांना नांगी होती! बाबासाहेबांचे अनुभव मला माहीत होते. त्या वाक्यांचा साधेपणा मला माहीत नव्हता.

पुराणाकडे वळायचे तर अमृता पाटील यांचे 'आदि पर्व' (२०१२) घ्यावे. महाभारताची ही सुरुवात गंगा सांगते, आणि ऐकणारे लोक तिला मध्येच अडवतात, शंका विचारतात. पिंगुळीचा कथेकरी ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही बैठक ओळखीची वाटेल. नर्मदेच्या खोऱ्यावरचे ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चे. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून त्याचे नाव घेतात आणि अलीकडे ते पुन्हा छापले गेले आहे. धरणाखाली गेलेल्या गावांत आपल्या अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेलीही होते, हे आठवून ते वाचावे.

मुंबईसाठी राम व्ही यांची दोन पुस्तके सुचवतो. 'ग्राफिटीज वॉल'मध्ये शहराच्या भिंती रंगवणारा एक पोरगा आणि त्याचे सोबती आहेत. चित्रे आनंद राधाकृष्णन यांची. 'द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार'मध्ये अमरत्वाचा शोध लावणारे मूल मुंबईत जन्मते आणि मृत्युदेवतेची नोकरीच जाते. फिलिपे आंद्रादे या पोर्तुगीज चित्रकाराने काढलेली मुंबई पाहावी अशीच आहे. आनंद राधाकृष्णन यांना जॉन पिअरसन यांच्यासह 'ब्लू इन ग्रीन'च्या चित्रांसाठी २०२१ चा आयस्नर पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचे आणि 'ग्राफिटीज वॉल'चे अक्षरलेखन आदित्य बिडीकर यांचे आहे. फुग्यातली अक्षरे बसवणे हे वेगळे कसब आहे. आवाज चढला, घसा बसला, कोणी पुटपुटले, हे अक्षरानेच कळवायचे असते.

आणि इथेच मराठीची एक खरी अडचण येते. इंग्रजी चित्रकथेतली अक्षरे बहुधा कॅपिटल, म्हणजे सगळी एका उंचीची. ओळीवर ओळ घट्ट रचता येते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार लागतो, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. तेवढीच ओळ जास्त उंची मागते. इंग्रजीसाठी काढलेल्या फुग्यात मराठी मजकूर घातला की अक्षर बारीक होते नाही तर वाक्य छाटावे लागते. म्हणून नुसता अनुवाद पुरत नाही. फुगा काढतानाच मराठी वाक्य मनात असले पाहिजे. शिवाय दोनशे पाने चित्रे काढायला एका माणसाची दोन-तीन वर्षे जातात. तेवढा काळ त्याची चूल कोणी पेटती ठेवायची, हा प्रश्न आहेच.

एवढे सारे मी का शोधत बसलो, ते आता सांगतो. ज्याचे अंक मी रद्दीत घातले, तोच मुलगा दोन दिवाळ्यांपूर्वी केट बीटन यांचे 'डक्स' घेऊन आला. "बाबा, हे टूल क्रिबमधलं आहे. तुम्हाला कळेल," एवढेच म्हणाला. रद्दीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढू शकलो नाही.

२०२२ च्या या पुस्तकाला पुढच्या वर्षी दोन आयस्नर मिळाले. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटनची ही मुलगी. शिक्षणाचे कर्ज फेडायला ती हजारो किलोमीटर लांब अल्बर्टाच्या तेलवाळूच्या खाणींवर जाते आणि खिडकीतून कामगारांना हत्यारे देते. गावाकडे काम नाही म्हणून आलेले पुरुष, कॅम्पमधल्या खोल्या, एकट्या बाईकडे वळणाऱ्या नजरा आणि त्याहून वाईट काही. २००८ साली खाणीच्या सांडपाण्याच्या तलावात दीड हजारांहून अधिक बदके मेली आणि जगभर बातमी झाली. माणसांचे काय होते त्याची बातमी होत नव्हती. पुस्तकाचे नाव तिथून आले आहे. रंग फक्त करडा. यंत्रे पानभर आणि माणसे बोटाएवढी.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी खुर्च्या टाकून आम्ही चार-पाच जण बसतो. इंग्रजी सर्वांना येत नाही, म्हणून मी पान समोर धरतो आणि फुगे मराठीत सांगतो. आमच्यातले एक स्नेही आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये होते. उजव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेलेली. कादंबरी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. डंपरच्या चाकाशी उभ्या माणसाचे चित्र त्यांनी बराच वेळ पाहिले. "भाऊ, माणूस एवढाच दिसतो तिथं. बरोबर काढलंय."

शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने एक सोपी रीत रूढ केली आहे. ए-फोरचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, आपली गोष्ट काढायची, झेरॉक्स करून भिंतीवर लावायची. चित्रकला येण्याची अट नाही. एका रविवारी आम्ही ती करून पाहिली. स्नेह्यांनी डाव्या हाताने काढले. पहिल्या चौकटीत वर उचललेला प्रेस आणि खाली पत्रा. तिसरीत पुन्हा वर उचललेला प्रेस. चौथीत दवाखान्याची खाट. दुसरी चौकट कोरी. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ते मला आठवत नाही. तुम्हाला दिसतंय ना, मग झालं." गेली चाळीस वर्षे आम्ही एकमेकांना ओळखतो. त्या दिवसाबद्दल ते त्याआधी कधी बोलले नव्हते.

पिंपरी-चिंचवडची महापालिका १९८२ साली झाली. तेव्हापासून लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याकडची माणसे या पट्ट्यात येत राहिली आणि अजून चाकणपर्यंत येत आहेत. पवनेकाठचे आमचे गाव भाड्याच्या खोल्यांनी भरत गेले. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण लिहिण्याची सवय नाही. यंत्र कसे होते, हात कुठे होता, हे ती माणसे शब्दांआधी रेघेने सांगतात. कारखान्यात तीच त्यांची भाषा होती.

दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि चित्रांवाचून तो कधी नव्हताच. शि. द. फडणीसांची शब्दांविना हसवणारी मुखपृष्ठे आपण जपून ठेवली. त्याच अंकांनी दरवर्षी आठ पाने एका चित्रकथेला द्यावीत, मानधनासह. आठ पानांचे काम तीन-चार महिन्यांत होते. पाच वर्षांत चाळीस पाने होतात आणि तोवर एखादा चित्रकार मराठी फुगा काढायला शिकलेला असतो.

वाचनालयाला मी अर्ज दिला. 'भीमायन' आता चरित्रविभागात आहे. 'डक्स'ची मागणी नोंदवली आहे, अजून आलेले नाही. आपण आपल्या गावच्या वाचनालयात गेलात तर एकदा बालविभागातही नजर टाका. मोठ्यांसाठीचे एखादे पुस्तक तिथे अडकलेले असेल.