आसगाव ते पवनी, पांदणीने

पहाटे साडेपाच. डिसेंबरचा पहिला आठवडा आणि हाडात शिरणारी थंडी. आसगावच्या थांब्यावर सगळे जमलेत: एक निवृत्त मास्तर, कॉलेजातल्या दोन मुली, भंडाऱ्याच्या नर्सताई, नागपूरहून आलेले तिघे आणि वाट दाखवणारे गावातले मामाजी. डांबरी सडकेने पवनी दुपारच्या आत येते. आम्ही पांदणी, धुरे आणि नहराच्या पाळीने जाणार, म्हणून दिवस मोडायचा.

सहा. टपरीवर चहा, पाण्याच्या बाटल्या भरून घेणे, आणि मामाजींची एकच ताकीद: "पिकात पाय नोको टाकू जी, धुऱ्यानंच चाला."

सात ते नऊ हा दिवसाचा सगळ्यात मोलाचा वेळ. चौरास म्हणजे पवनी-लाखांदूरकडचा सपाट, भारी जमिनीचा पट्टा. धान कापून झालेला, कुठे कडपा पसरलेल्या, कुठे पुंजणी रचलेली. एका बांधीत मास्तरांनी सगळ्यांना खाली बसवले. कापलेल्या धानाच्या खुंटांमधून लाखोरीची बोटभर उंचीची, नाजूक हिरवी रोपे वर आली होती. हे बी उभ्या धानातच, कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, ओलीवर फेकतात. नांगरणी नाही, वेगळे पाणी नाही. धानाने मागे ठेवलेल्या ओलाव्यावर दुसरे पीक उभे राहते. धुऱ्यावर तूर असते ती निराळीच. म्हणजे इथे बांधही रिकामा राहत नाही. मोटारीच्या काचेतून यातले काही दिसत नाही.

कडपा उचलणाऱ्या एका मावशीने विचारले, "कोटं चालले जी एवढ्या सकारी?"
"पवनीले, मावशी."
"रोडनं येस्टी जाते ना!"
मामाजींनी तिला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, पुढची पांदण बुजली आहे, बोडीच्या अंगाने जा.

साडेनऊ. ती म्हणाली ते खरेच होते. गाडीवाट दोन्ही बाजूंनी कुरतडत आणलेली, मध्ये बाभळीच्या काट्या टाकलेल्या. मळणीयंत्र इथून शेतात जाईल कसे? धान डोक्यावर वाहून न्यायचे की काय? आम्हाला फक्त वळसा पडला. शेतकऱ्याचा मात्र हंगाम अडतो.

बारा. बोडीच्या पाळीवर जेवण. भात, तुरीच्या सोल्यांची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना मुलींनी 'जय' वाघाचा विषय काढला. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ 2013 साली जंगल सोडून शेते, रस्ते ओलांडत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला. शंभराहून अधिक किलोमीटरची चाल. 2016 च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. पवनीचे जंगल त्याच अभयारण्याचा भाग आहे.

एक ते तीन. ऊन, धूळ, कपड्यांना चिकटलेली कुसळे. बोलणे कमी, चालणे जास्त.

साडेतीन. थोडी वाकडी वाट करून रुयाडचा महासमाधीभूमीचा स्तूप. अर्धा तास सावलीत बसलो. नर्सताईंनी दोघांच्या पायांचे फोड बांधले.

साडेपाच. पवनीचा मातीचा परकोट दिसला आणि पाय हलके झाले. जगन्नाथ टेकडीवर शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी 1969-70 मध्ये उत्खनन केले, तेव्हा विटांचा प्रचंड स्तूप आणि ब्राह्मी लेख कोरलेले खांब सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या या गावात माणसे येत होती, ती अशाच वाटांनी. मला ही टेकडी दिवसभर चालून आल्यावरच नीट कळली, हे मनापासून सांगतो.

सात. आलूबोंडा-रस्सा, मग परतीची बस. बसमध्ये मास्तरांनी ज्याची उजळणी घेतली ते वाचकांसाठीही लिहून ठेवतो. आपल्या गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. त्यात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेषा म्हणजे पायवाट. नकाशावरची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा काढण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे. या हिवाळ्यात नकाशा हाती घेऊन आपल्या गावची एक तरी पांदण शेवटपर्यंत चालून या, आणि बुजलेली दिसली तर अर्ज नक्की टाका.