आधी पाऊस मोजा, मग पेरा

पगार हातात आला की घरातली बाई आधी किराणा, दूध आणि मुलांची फी बाजूला काढते. उरलेल्यात कपडालत्ता आणि सणवार बसवते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हाच हिशेब पाण्याला लावला.

नगर तालुक्यातले हे गाव पर्जन्यछायेतले. वर्षाला सरासरी जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस. एके काळी इथली माणसे मजुरीसाठी गाव सोडून जात. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि काम सुरू झाले. श्रमदानातून डोंगरउतारावर चर खोदले, ओढ्यांवर बंधारे बांधले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली.

खरी परीक्षा पाणी वाढल्यावर होती. विहिरी भरल्या की ऊस लावायचा मोह होतोच. गावाने ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअरवेल यांना मनाई केली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी, मग पिकांचे. पाऊस कमी झाला तर रब्बीत पाणी जास्त पिणारी पिके कमी करायची. म्हणूनच आजूबाजूला टँकर फिरत असतानाही हे गाव तग धरून राहिले.

आज या हिशेबाची गरज जास्त आहे. पूर्वी मृगावर पेरणी होई, हस्ताच्या पावसावर रब्बी उभी राही. आता पाऊस आठवडेच्या आठवडे दडी मारतो आणि मग महिन्याभराचा एका रात्रीत कोसळतो. सप्टेंबर 2025 मध्ये पाथर्डी, शेवगावकडच्या शेतकऱ्यांनी हे सोसले. असे पाणी जमिनीत मुरत नाही, माती घेऊन वाहून जाते.

यावर शेततळे आणि ठिबक हे उपाय सांगितले जातात. दोन्ही चांगले. पण शेततळे वाहून जाणाऱ्या पाण्याने भरावे. बोअरचे पाणी उपसून भरले, तर सगळ्यांचे भूजल एकाच्या तळ्यात येते आणि उन्हाळ्यात त्यातले बरेच वाफ होऊन उडते. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर वाढवले, तर वाचले काय?

आपल्या अनेक घरांत वडिलांमागे जमिनीचे हिस्से होतात, विहीर मात्र सामाईक राहते. वाद तिथेच पेटतो: मोटार आधी कोण बंद करणार? भावाभावांनी पावसाळा संपताच दोराला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजावे, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावे आणि पेरणीआधीच ठरवावे, की कांदा किती आणि ज्वारी-हरभरा किती. पीक उभे राहिल्यावर कोणीच माघार घेत नाही. या बैठकीत घरातल्या बायकांनाही बसवावे. पाणी आटले की हंडा त्यांच्याच डोक्यावर येतो.

हिवरे बाजारात मुस्लिम कुटुंब एकच. त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. एका घराचीही गरज मोजणारे गावच पाण्याचा हिशेब नीट ठेवू शकते. ढगांवर आपला हुकूम चालत नाही. विहिरीवरची मोटार मात्र आपल्याच हातात आहे.