पाणबुड्याच्या मनगटावरचं गणित

दिवाळीच्या नाही तर मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याकडची माणसं आता मालवण-तारकर्लीला जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरून येतात. आखाडा बाळापूरसारख्या गावात पाणी म्हटलं की विहीर, फार तर इसापूरचं धरण. पण इथल्या पोरांच्या मोबाइलमध्येही माशांसोबतचे फोटो दिसू लागले आहेत. माझा एक भाचा तर रीतसर अभ्यासक्रम करून आला आणि विचारू लागला, ‘मामू, पाण्यात वापरायचा कॉम्प्युटर घ्यायचाय. स्वस्त घेऊ की महाग?’ हा काही कवीला विचारायचा प्रश्न नव्हे. पण प्रश्न असा होता की वाचत गेलो आणि वाचतच राहिलो.

विहिरीत मुटका मारणाऱ्या, तळाची माती मुठीत घेऊन वर येणाऱ्या पोराला असल्या यंत्राची गरज नसते. त्याच्या छातीत एकाच श्वासाची हवा असते आणि तो मिनिटभरात वर येतो. टाकीची गोष्ट वेगळी. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. काठावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. टाकीला जोडलेलं यंत्र त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा तोंडात देतं. हवेतला सुमारे ७९ टक्के भाग नायट्रोजन. शरीर तो वापरत नाही. दाबाखाली तो रक्तात, मांसात, चरबीत विरघळत जातो.

गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट बसलेली असते तोवर पाणी शांत दिसतं. गोटी दाबली की फस्सकन बुडबुडे. पाणबुड्या भरकन वर आला तर त्याच्या अंगात हेच घडू शकतं. सांधे असह्य दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, बुडबुडे मज्जारज्जूत किंवा मेंदूत अडले तर अर्धांग होतं, प्रसंगी जीवही जातो. पुलांचे पाये खणायला दाबाच्या हवेत उतरलेल्या मजुरांनी हे आधी भोगलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच आजारानं अंथरुणाला खिळला.

किती वेगानं वर यावं, याचं पहिलं शास्त्रशुद्ध गणित मांडलं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी, १९०८ साली, ब्रिटिश नौदलासाठी. प्रयोग झाले शेळ्यांवर. त्यांना लोखंडी कोठीत दाबाखाली ठेवायचं, मग दाब उतरवायचा. त्रास झालेली शेळी पुढचा पाय उचलून धरी. आपल्या आठवडी बाजारात शेळी पारखणाऱ्या माणसानंही ते ओळखलं असतं! हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १३ वर्षांचे असताना या प्रयोगांच्या काळात स्वतः समुद्रात उतरले होते. पुढे मोठे जीवशास्त्रज्ञ झाल्यावर ते १९५७ साली भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

हॉल्डेन यांची कल्पना अशी. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगानं नायट्रोजन पीत नाहीत. रक्त भराभर भरतं, चरबी सावकाश. म्हणून त्यांनी शरीराचे पाच कप्पे कल्पिले आणि प्रत्येकाला एक अर्धकाल दिला: ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. पाच मिनिटांचा कप्पा म्हणजे असा रांजण, की जो पहिल्या पाच मिनिटांत अर्धा भरतो, पुढच्या पाचांत उरलेल्याच्या अर्धा, मग पुन्हा उरलेल्याच्या अर्धा. सहा फेऱ्यांत तो जवळपास काठोकाठ होतो. रिकामा होण्याची चालही तीच. प्रत्येक रांजणाला एक मर्यादा. ती ओलांडली जाईल इतकं वर यायचं नाही, खाली थांबून तो उतरू द्यायचा.

पाण्यात कुणी हे गणित सोडवत बसणार नाही, म्हणून तक्ते आले. पॅडी या संस्थेच्या तक्त्यात १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर २० मिनिटं, एवढीच मुभा. तक्ता मात्र तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल ठिकाणीच होतात असं धरून चालतो. मनगटावरचा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी दाब मोजतो, सगळ्या रांजणांचा हिशेब नव्यानं करतो आणि अजून किती मिनिटं राहता येईल ते दाखवतो. असे कॉम्प्युटर १९८३ च्या सुमारास बाजारात आले.

आता स्वस्त आणि महाग. दोन-अडीचशे डॉलरांच्या आसपासच्या यंत्रातही खोली, वेळ, उरलेली मिनिटं, वर येण्याचा वेग वाढला तर इशारा, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबण्याची आठवण, विमानप्रवासाआधी किती थांबायचं आणि बुड्यांची नोंदवही, एवढं सगळं असतं. महागात रंगीत पडदा, होकायंत्र, टाकीतल्या हवेचा बिनतारी आकडा मिळतो. जीव राखणारं गणित दोन्हींत असतंच. माझ्या मते नवशिक्यानं पैसे वाचवावेत आणि चार बुड्या जास्त माराव्यात.

गणितं मात्र एकाच घराण्याची नाहीत. झुरिकच्या अल्बर्ट ब्युलमन यांनी हॉल्डेनचे पाच कप्पे सोळांवर नेले. सर्वांत मंद कप्प्याचा अर्धकाल ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक. सुंटो, क्रेसी अशा कंपन्यांच्या अनेक साध्या यंत्रांत ब्रूस विन्की यांचं आरजीबीएम वापरलं गेलं. त्यात सूक्ष्म बुडबुड्यांचाही विचार आहे, त्यामुळे लागोपाठच्या बुड्यांना ते जास्त कात्री लावतं. याच बुडबुड्यांच्या विचारातून, वर येताना खोलवरच जास्त थांबावं, असं मत एके काळी जोरात होतं. अमेरिकी नौदलाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खोल थांब्यांच्या १९८ बुड्यांत ११ जणांना त्रास झाला, उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांत तिघांना. तेव्हापासून ते मत मागे पडलं.

आणि एक गोष्ट जाहिरातीत ठळक छापत नाहीत. हे यंत्र तुमच्या अंगातला नायट्रोजन मोजतच नाही. त्याला फक्त दाब आणि वेळ कळते. तुम्ही रात्रभर एसटीत जागलात, पाणी कमी प्यालात, वय पन्नाशीपुढचं आहे, यातलं त्याला काही ठाऊक नाही. म्हणून बऱ्याच यंत्रांत ‘सावधपणा’ वाढवायची सोय असते, ती वापरावी. एकाचा कॉम्प्युटर दुसऱ्यानं दुसऱ्या बुडीला बांधू नये, कारण आतला हिशेब पहिल्याच्या अंगाचा असतो.

सहलीला गेलेल्या पाहुण्याला गाइड हात धरून उथळ पाण्यात नेतो, त्याला यंत्र लागत नाही. त्यानं एकच पाळायचं: वर येताना श्वास रोखायचा नाही, कारण फुफ्फुसातली हवा फुगते. पण गाइडचं काय? दिवसभरात तो किती वेळा खाली-वर करतो! त्याच्या मंद रांजणांची बेरीज कोण ठेवणार? तिथल्या पोरांच्या मनगटाला हे यंत्र पाहुण्यापेक्षा आधी हवं.

परतीचा रस्ताही हिशेबात धरावा लागतो. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, म्हणून एका साध्या बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये, असा प्रचलित सल्ला आहे. तो ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू धरतात. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे आणि मालवणहून दोन-अडीच तासांत जीप तिथं पोचते. उथळ पाण्यातल्या एका बुडीनंतर धोका अगदी थोडा. दोन-तीन दिवस खोल उतरलेल्यानं मात्र ती रात्र किनाऱ्यावरच काढावी. घाटात सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, तर गाडी उतरणीला लावावी, शुद्ध ऑक्सिजन मिळेल असा दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की समुद्रात टाकी लावून उतरलो होतो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)