जीवकाची परीक्षा आणि कपिलधारचा डोंगर

तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यानंतर जीवकाने आचार्यांना विचारले, हे शिक्षण संपणार तरी केव्हा? आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले की, तक्षशिलेभोवती योजनभर हिंडून ये. जी वनस्पती औषधाच्या उपयोगाची नाही, ती घेऊन ये. जीवक सर्वत्र हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. औषध नाही अशी एकही वनस्पती मला दिसली नाही, असे त्याने सांगितले, तेव्हा आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. ही कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. सालवती या गणिकेच्या पोटी जन्मलेले आणि राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल पुढे बिंबिसार राजाचा व तथागतांच्या भिक्खुसंघाचा वैद्य झाले.

श्रावण सरताना आपल्या शाळेची आठवी-नववीची मुले-मुली कपिलधारला जातात, तेव्हा आम्ही हीच परीक्षा थोड्या फरकाने घेतो. कुदळ देत नाही, वही देतो. माजी विद्यार्थ्यांना त्या वहीतील चार रकाने आठवत असतील: वनस्पतीचे नाव, कोठे दिसली, कशासाठी वापरतात, आणि हे कोणाकडून कळले. काही पालक दरवर्षी विचारतात की, बौद्धांच्या शाळेची मुले कपिलधारला कशासाठी? तेथे वीरशैव-लिंगायत परंपरेतील संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला दूरदूरच्या पायी दिंड्या येतात, हे खरेच आहे. त्या भाविकांविषयी आदर बाळगूनच आम्ही जातो. पण आमची वाट समाधीच्या बाजूने पुढे बालाघाटाच्या उतारावर वळते. पाऊस चांगला झाला असेल तर कड्यावरून धार कोसळत असते. त्या ओलाव्यावर जे उगवते, ते पाहण्यासाठी आम्ही जातो.

बालाघाटाचे रान सह्याद्रीसारखे दाट नाही. उन्हाळ्यात पाहिले तर येथे दगडाखेरीज काही नाही असेच वाटेल. भाद्रपदात मात्र वहीची पाने पुरत नाहीत. ओढ्याकाठी निरगुडी, बांधावर आघाडा, कुंपणाला अडुळसा, कडुनिंबावर चढलेली गुळवेल, काट्याकुट्यांत शतावरी, शिवाय करंज, पळस, रुई, टाकळा. आणि सर्वत्र सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही गोष्ट मुले अभिमानाने सांगतात. मग मी त्यांना सांगतो की, सीताफळ मुळात अमेरिका खंडातले आहे. तसाच दगडीपाला. खरचटले की ज्याचा रस आपण सगळ्यांनी लहानपणी जखमेवर पिळला, तो दगडीपालाही अमेरिकेतूनच आला. म्हणजे हा उपाय कोणत्याही प्राचीन ग्रंथातून आलेला असू शकत नाही. गेल्या काही शतकांत कोणा गुराख्याने, कोणा शेतमजूर बाईने ते नवे तण हाताळून पाहिले, जखमेवर लावून पाहिले, गुण दिसला तेव्हा शेजारणीला सांगितले. आपल्याकडची सगळी विद्या ऋषींनी ध्यानात पाहिली, असे म्हणणाऱ्यांना हा दगडीपाला दाखवावा.

सहलीत सर्वांत जास्त वेळ मी कुड्यापाशी घालवतो. कुडे दोन: पांढरा आणि काळा. पान तोडले की दोघांतूनही पांढरा चीक येतो, दोघांनाही जोडशेंगा लागतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. पांढऱ्याची साल कडू, त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. काळ्याचे ते गोड इंद्रजव. आव पडते त्यावर पांढऱ्या कुड्याची साल वापरतात. तिच्यात कोनेसिन नावाचे द्रव्य असते आणि आव पाडणाऱ्या अमीबावर ते परिणाम करते, हे प्रयोगशाळांनी नंतर दाखवले. बाजारात मात्र एकीच्या जागी दुसरीची साल सर्रास खपवली जाते. झाड ओळखता येणे हा औषधाचा पहिला भाग आहे, आणि तो पुस्तकातून येत नाही.

हाच कुडा महावग्गातील भेसज्जक्खंधकात आहे. भिक्खूंनी आजारपणात कोणती औषधे जवळ ठेवावीत, याची तेथे यादीच दिली आहे. मुळांत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. काढ्यांत कडुनिंब, कुडा, पडवळ, करंज. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. हिरडा आपल्याकडे रानात नाही, तो बाजारातून आणावा लागतो. पण यादीतील कितीतरी नावे मराठवाड्यातील कोणत्याही आजीच्या डब्यात सापडतील. या यादीत मंत्र नाही, नवस नाही, ग्रहदशा नाही. मूळ, पान, साल, फळ, आणि ते कसे कुटावे, कसे गाळावे, एवढेच आहे.

त्याच महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. तो संघाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर ठेवले. पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगताना त्यांनी औषध तयार करता येणे हा एक गुण सांगितला आणि मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न वाटणे हाही सांगितला. ज्या समाजात हे काम जन्मावरून वाटून दिले गेले, त्या समाजात हा नियम किती मोठा होता, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या बाजूला मनुस्मृती आहे. तिच्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत वैद्याला श्राद्धातून वर्ज्य केले आहे आणि त्याचे अन्न अभक्ष्य ठरवले आहे. रोग्याच्या शरीराला हात लावणारा तो अपवित्र! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात डॉक्टरांविषयीही हे लिहिलेले होते, हे आपल्या डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी एकदा वाचावे.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, असेही तो सांगतो. पण त्यासाठी गिरनारपर्यंत जावयास नको. आपल्या मराठवाड्यातच, कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. गौताळ्याच्या रानात, खोल घळीत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत ती खोदली गेली. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत राजवैद्य मगिल आहे. स्वतःची ओळख तो वच्छीचा पुत्र अशी आईच्या नावाने देतो. त्याच्या मुलामुलीचेही दान आहे. पैठणच्या एका गांधी कुळाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांचे, स्तंभदानही तेथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भूमीत वैद्य आपला पेशा दगडावर अभिमानाने कोरत होता. तीन वर्षांमागे मी मुलांना तेथे नेले, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग मधे काय झालं?"

मधे काय झाले, ते मला माझ्या आजीवरून सांगता येते. ती निरक्षर होती. मुका मार, लचक, लहान मुलांचा खोकला, गुरांची पोटफुगी यांसाठी गावभर तिचे नाव होते. वाड्यावरची म्हैस फुगली की रात्री-अपरात्री बोलावणे येई. आजी गोठ्यापर्यंत जाई. माणसांसाठी लेप वाटला असेल तर तो पानावर घेऊन पायरीखाली ठेवायचा. आतून कोणी येऊन त्यावर पाणी शिंपडे आणि मग तो आत नेई. भाकरी वरून पदरात पडे. ती जे जाणत होती त्याला कोणी विद्या म्हटले नाही, तिनेही कधी म्हटले नाही. गावोगाव फिरणाऱ्या वैदू समाजाचे हेच झाले. रानातील झाडे ज्यांना सर्वांत चांगली ठाऊक, ते भटके म्हणून हिणवले गेले आणि त्यांची मुले आज ही ओळख लपवतात. म्हणून आमच्या वहीत चौथा रकाना आहे.

तथापि या आठवणीचा दुसरा भाग सांगितला नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. माझ्या चुलत भावाला खळ्यावर फुरसे चावले. आजीने तिला ठाऊक होते ते सगळे केले, मुळी उगाळून लावली. मग एका मांत्रिकाकडे नेले. तालुक्याच्या वाटेवर बैलगाडीतच तो गेला. तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर आजी येईल त्याला सांगत असे, "लेकरांनो, साप चावल्यावर माझ्याकडं नगा येऊ. दवाखान्यात न्या." नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाच्या लसीखेरीज उपाय नाही. ती सरकारी रुग्णालयात मिळते. बांधू नये, कापू नये, चोखू नये, वेळ घालवू नये.

रानातले म्हणून निर्धोक, हा समजही खोटा. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी लावतात; ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले आणि २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असे म्हटले. वाद काही असो, डॉक्टरांनी नोंद ठेवली आणि ती छापली, हे योग्यच झाले. मुंबईचेच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवर नीट मोजून १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा खेड्यापाड्यांत वापरात असलेली ती मुळी जगभरच्या दवाखान्यांत पोहोचली. माझ्या आजीचा पाला आणि वकिलांचे मोजमाप यांत मला विरोध दिसत नाही. ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत.

सहलीत दुपारी धारेजवळ बसतो. आपल्या वसतिगृहातील अनेकांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. खोलीत गप्प असणारी मुले पाण्याजवळ बोलू लागतात, हे मी बावीस वर्षे पाहत आलो आहे. त्याला औषध म्हणावे की नाही, मला ठरवता येत नाही. गेल्या खेपेस एक मुलगी वही घेऊन बाजूला आली. शतावरीपुढे तिने काही लिहिले नव्हते. आईची कंबर सारखी दुखते, पिशवी काढावी लागेल असे कोणीतरी म्हटले आहे, यावर ही मुळी चालेल का, असे तिने विचारले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. तिच्या प्रश्नाच्या मागे ते सगळे उभे होते. मी सांगितले की, मुळी नको, घाईची शस्त्रक्रियाही नको. आधी जिल्हा रुग्णालयात दाखवू, आणखी एका डॉक्टरीणबाईंचे मत घेऊ. पुढच्याच आठवड्यात आपल्या शाळेच्या बाई तिच्या आईबरोबर गेल्या. पिशवी काढावी लागली नाही.

परतताना त्याच मुलीने ओढ्याच्या दगडांतून निळसर फुलांचे एक रोप दाखवले. मला ओळखता आले नाही, बरोबरच्या विज्ञानाच्या सरांनाही नाही. तिने पहिल्या रकान्यात "नाव माहीत नाही" असे लिहिले, एक पान वहीत दाबले आणि चौथ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले, "दिवाळीत आजीला विचारायचे."