सांगायचं होतं, विचारायचं नव्हतं

दक्षिण लंडनमध्ये कॅरिबियन आणि आफ्रिकी कुटुंबांचा एक आधारगट चालतो. तिथे मी मदतनीस म्हणून जाते. येणाऱ्या बहुतेक जणी आया आणि बहिणी. घरात कुणाला तरी सायकोसिस आहे: कानात आवाज येतात, शेजारी पाळत ठेवताहेत असा पक्का संशय बसतो. वडीलधाऱ्या बाईला इथे सगळे आंटी म्हणतात, मीही म्हणते.

त्यातल्या एका आंटींनी मला त्यांची वही वाचायला दिली. तारीख, मुलगा किती वाजता झोपला, जेवला का, गोळी घेतली का, एवढंच रोजचं. एका पानावर होतं: ‘दोन रात्री झोप नाही. टीव्हीवर टॉवेल टाकलाय.’ दुसऱ्या दिवशी: ‘आरसा भिंतीकडे फिरवला. मी केलेलं खात नाही.’ खाली मानसोपचार टीमला फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर: ‘तो सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही.’

“मला काही विचारायचंच नव्हतं,” आंटी म्हणाल्या, “मला सांगायचं होतं.”

सगळी अडचण इथेच आहे. गोपनीयतेचा नियम माहिती देण्यावर बंधन घालतो, ऐकून घेण्यावर नाही. तरी तो फोन नोंद न होताच संपला. पुढे मुलगा रस्त्यावर ओरडत असताना पोलिसांनी त्याला मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 136 खाली ताब्यात घेतलं आणि तिथून त्याची रवानगी वॉर्डात झाली. 1983 च्या या कायद्यातलं कलम 2 तपासणीसाठी 28 दिवसांपर्यंत ठेवू देतं, कलम 3 उपचारासाठी सहा महिन्यांपर्यंत. इंग्लंडमध्ये या कायद्याखाली डांबलं जाण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत सुमारे चौपट आहे. डॉक्टरकडून येण्याऐवजी पोलिसांकडून येण्याची वेळही त्यांच्यावर जास्त येते.

मग या घरांनी लवकर मदत का मागू नये? मागायला भीती वाटते, आणि ती भीती अज्ञानातून आलेली नाही. सेनी लुईस हा 23 वर्षांचा तरुण. 2010 मध्ये मुलाला बरं वाटावं म्हणून आईवडिलांनी त्याच्यासाठी मदत मागितली. बेथलेम रॉयल हॉस्पिटलमध्ये अकरा पोलिसांनी त्याला दाबून धरलं आणि तो वाचला नाही. आईवडील वर्षानुवर्षं लढले, तेव्हा 2018 मध्ये मनोरुग्णालयातल्या बळाच्या वापरावर कायदा आला. आता बळ वापरलं की त्याची नोंद ठेवावी लागते. गटातल्या बायकांना हे नाव माहीत आहे. फोन उचलण्याआधी ते त्यांच्या मनात येऊन जातं.

म्हणून आमचं काम फोनच्या आधी सुरू होतं. वहीतून एक पान काढायचं: नेहमीपेक्षा काय बदललं, कधीपासून, मागच्या वेळी असंच झाल्यावर पुढे काय झालं. फोनवर पहिलंच वाक्य असं: “मला माहिती नको आहे, द्यायची आहे. फाइलमध्ये लिहून घ्या आणि लिहिलेलं वाचून दाखवा.” आंटी हे दोन-तीनदा म्हणून बघतात, आवाज चढला की पुन्हा. त्यांचा आवाज चढला तर लोक त्याला काळजी न म्हणता आक्रमकपणा म्हणतात, हे त्यांनी भोगलेलं आहे.

मग हक्क. मानसिक आरोग्य कायद्यातल्या क्रमाने आंटी ‘निकटचे नातेवाईक’ ठरतात. त्यांनी मागणी केली तर स्थानिक कौन्सिलला मुलाच्या तपासणीचा विचार करावाच लागतो, आणि दाखल करायचं नसेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. हे ऐकल्यावर आंटी म्हणाल्या, “इतकी वर्षं कुणी बोललं नाही.” 2014 च्या केअर ॲक्टनुसार त्यांच्या स्वतःच्या गरजांचीही पाहणी मागता येते.

कुटुंबाला बरोबर घेऊन करायच्या उपचाराची शिफारस अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत आहे: तीन महिने ते एक वर्षात किमान दहा बैठका. गटात तो मिळालेल्या फार थोड्या. मँचेस्टर विद्यापीठात डॉन एज यांनी आफ्रिकी-कॅरिबियन लोकांना सोबत घेऊन त्यांच्यासाठी अशा उपचाराची रीत घडवली. घरचं कुणी जवळ नसेल तर त्यात विश्वासातलं माणूस किंवा समाजातला स्वयंसेवक बसतो. वंशभेदाचे अनुभव तिथे आजाराचं लक्षण म्हणून बाजूला सारले जात नाहीत.

पुढच्या खेपेला मुलाची झोप उडाली तेव्हा आंटींनी त्याच दिवशी फोन केला. परिचारिकेने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, दुसऱ्या दिवशी घरी आली आणि मुलाशी त्याच्या खोलीच्या दारातूनच बोलली. औषध बदललं. पोलीस आले नाहीत.

त्यासाठी नवा कायदा लागला नाही, जास्तीचा पैसा लागला नाही. घरच्या बाईचं बोलणं पुरावा म्हणून लिहून घेणारी एक व्यक्ती लागली. कृष्णवर्णीय कुटुंबांनी आमच्यावर विश्वास ठेवावा असं आरोग्यसेवा वारंवार म्हणते. तो विश्वास मिळवायची पहिली संधी त्या पहिल्या फोनला असते, आणि फोन उचलणाऱ्यानेच आधी विश्वास ठेवायचा असतो.